जुना मेन्स्ट्रुअल कप टाकायचा कसा? बंबात नाही, नदीतही नाही

माझा जुना मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत पॅडऐवजी आत बसवायचा लवचिक पेला, वर्षभर कपाटात पडून होता. नवा घेतला, त्याची सवयही झाली, पण जुन्याचं काय करायचं ते कळेना. मग सुती पिशवीत घालून साड्यांच्या घड्यांमागे सरकवला आणि विसरल्यासारखं केलं. दिवाळीच्या आवराआवरीत ती पिशवी सासूबाईंच्या हाताला लागली. त्यांनी आत डोकावून बघितलं, "हे तुझं ते जुनं ना? बंबात टाक की मग," म्हणाल्या आणि पुढच्या कप्प्याकडे वळल्या.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात अजून पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे. करवंट्या, शेंगांची टरफलं, पुठ्ठे, मुलांच्या जुन्या वह्या, सगळ्याची सोय तिथं लागते. त्यामुळे त्यांचा सल्ला त्यांच्या हिशोबाने चोखच होता. मी मात्र पिशवी परत घेतली आणि पुढचे दोन-तीन आठवडे जो भेटेल त्याला विचारत सुटले. कंपनीला मेल केला, भंगारवाल्याला दाखवला, घंटागाडीवरच्या ताईंना विचारलं, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने मांडते.

सुरुवातीलाच एक हिशोब करून टाका, म्हणजे जीव हलका होईल. कपाचं वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. मी तो सात वर्षं वापरला. महिन्याला दहा पॅड धरले तरी ८४० पॅड वाचले, आणि एक पॅड ८ ग्रॅमचं धरलं तर साडेसहा किलोच्या वर कचरा झालाच नाही. पर्यावरणाचं मोठं काम कप वापरतानाच उरकलेलं असतं. आता उरलाय तो मुठीत मावणारा तुकडा. त्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. फक्त चारचौघांत नाव काढायला लाजून तो भलत्या जागी टाकू नका, एवढंच.

काय काय लागेल

- कपाचं खोकं किंवा माहितीपत्रक. ते गेलं असेल तर ऑनलाइन ऑर्डरची जुनी नोंद
- फक्त याच कामाला ठेवलेलं जुनं पातेलं
- बिनवासाचा साधा साबण
- ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड (मेडिकलमध्ये मिळतं, पण लागेलच असं नाही)
- धारदार कात्री. भाजीची नको, कापडाचीही नको, ती बोथट होते
- वर्तमानपत्राचं पान, सुतळी किंवा दोरा, लाल पेन

अर्ज, दाखला, परवानगी असलं काही लागत नाही. विचारते कोण, पण एका भाचीने खरंच विचारलं होतं.

१. आधी बघा, कप खरंच संपलाय का?

ही पायरी बहुतेक जणी गाळतात. डाग पडले म्हणून कप टाकणाऱ्या तिघी मला माहीत आहेत. डाग म्हणजे बिघाड नव्हे. दर महिन्याला रक्ताशी संबंध येणारी वस्तू पिवळट-तपकिरी होणारच, पांढऱ्या पंच्याचं काय होतं ते आपण बघतोच. पेरॉक्साइडमध्ये तेवढंच पाणी घालून कप काही तास बुडवून ठेवा, नंतर धुऊन उकळा. बराचसा उजळतो. फक्त आधी माहितीपत्रक वाचा. कंपनीने पेरॉक्साइड नको म्हटलं असेल तर डागासकट वापरा, बिघडत नाही.

वास येतो ही दुसरी तक्रार. बहुतेक वेळा वासाचं मूळ काठाखालच्या बारीक भोकांत असतं. कप पाण्याने पूर्ण भरा, तोंडावर तळहात घट्ट दाबा आणि कप पिळा. भोकांतून चिळकांड्या उडतात आणि अडकलेलं बाहेर येतं. मग उकळा, दिवसभर उन्हात ठेवा. एवढं करूनही वास राहिला तर मात्र त्याचे दिवस भरले.

कप बाद करायची खरी कारणं ही: कुठंतरी चीर गेलीय, काठ फाटलाय, तळाची दांडी तुटून टोक टोचतंय, पृष्ठभाग चिकट किंवा पिठूळ लागतोय, घडी घातल्यावर पूर्वीसारखा उघडत नाही. असं काही दिसलं तर वर्षं मोजू नका, वापर थांबवा. आणि खाज, जळजळ किंवा पुन्हा पुन्हा संसर्ग होत असेल तर कपाचा निकाल लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दोष कपाचा असेलच असं नाही.

वयाचं म्हणाल, तर काळजीने वापरलेला कप दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो. काही कंपन्या मात्र त्याआधीच बदला म्हणतात. मला त्यात थोडा विक्रीचा वास येतो, पण कप हातात घेऊन उजेडात ताणून बघणं तुमच्याच हातात आहे. दर सहा महिन्यांनी बघा.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक गोष्ट. पाळी तीन-चार महिने आली नाही म्हणून कप टाकून मोकळ्या होऊ नका. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं धरतात. माझ्या जाऊबाईंनी आठव्या महिन्यात कप टाकला आणि नवव्या महिन्यात मला फोन केला.

माझा स्वतःचा पहिला कप म्हातारपणाने गेलाच नाही. २०१६ मध्ये घेतला आणि चार महिन्यांत गॅसवर गेला. उकळायला ठेवून मी फोनवर बोलत बसले, पाणी आटलं, कप तळाला लागून काळा झाला. घरभर असा वास सुटला की शेजारच्या काकू वायर जळाली का विचारायला आल्या. तेव्हापासून मी कप स्टीलच्या गाळणीत ठेवून उकळते, तळाला टेकू देत नाही, आणि मोबाइलवर गजर लावते. त्या जळक्या कपाचं काय केलं ते सांगायला लाज वाटते: काळ्या पिशवीत घालून, अंधार पडल्यावर, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत.

२. कप कशाचा बनलाय ते शोधा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. बाजारातले बहुतेक कप मेडिकल ग्रेड सिलिकॉनचे असतात. काही टीपीई नावाच्या मऊ प्लास्टिकचे, आणि अगदी थोडे नैसर्गिक रबराचे. खोक्यावर लिहिलेलं असतं. खोकं नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बघा.

काहीच सापडत नसेल तर एक घरगुती परीक्षा आहे. कप बाद करायचा पक्का ठरला असेल तर दांडीचा छोटा तुकडा कापा आणि भांड्यातल्या पाण्यात बोटाने खाली दाबून सोडा. हवेचा बुडबुडा चिकटलेला नको. सिलिकॉन पाण्याहून जड, ते बुडतं. टीपीई बहुधा पाण्याहून हलकं, ते वर येतं. रबराचं असेल तर रंग साधारण तपकिरी आणि वास ओळखीचा, नव्या चपलेसारखा. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण काम भागतं.

आता सिलिकॉनबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. "सिलिकॉन वाळूपासून बनतं, त्यामुळे ते पुन्हा मातीत मिसळतं," असं मला दोन ठिकाणी वाचायला मिळालं. पहिला भाग खरा आहे. गारगोटीसारखी शुद्ध सिलिका कोळशाबरोबर भट्टीत सुमारे २००० अंशांपर्यंत तापवून सिलिकॉन धातू काढतात आणि त्यावर रसायनांच्या अनेक प्रक्रिया करून हा लवचिक पदार्थ तयार होतो. पण इतक्या खटाटोपाने झालेला प्रवास बागेतल्या कुंडीत आपोआप उलटा फिरत नाही. कप मातीत पुरला तर तो तिथं वर्षानुवर्षं कपच राहणार. कृष्णेच्या वाळूत वाळू मिळेल, असा काव्यात्म विचार करून कुणी तो घाटावरून सोडू नका.

दुसरी गोष्ट: सिलिकॉन एकदा घट्ट झालं की वितळत नाही. दुधाच्या पिशव्या वितळवून त्याचे दाणे करतात तसं इथं चालत नाही. म्हणून भंगारात त्याला भाव नाही. आमच्या गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्या काकांनी कप दाबून बघितला, ताणला, "ताई, हे रबार न्हाई आन् प्लास्टिकबी न्हाई," म्हणाले आणि परत दिला. मी तो धुऊन नेला होता आणि काय आहे ते सांगितलंही होतं. त्यांनी जरासुद्धा तोंड वाकडं केलं नाही, हे मुद्दाम सांगते.

टीपीई वितळतं, त्यामुळे पुनर्वापर होणं शक्य असतं. पण एका कपासाठी तो कुणी वेगळा काढत बसत नाही.

३. धुवा, उकळा, वाळवा

साबणाने स्वच्छ धुवा, दहा मिनिटं उकळा, उन्हात खणखणीत वाळवा. टाकायचीच वस्तू कशाला उकळायची, असं वाटेल. पण पुढे ती कुणाच्या तरी हातात जाणार आहे. घंटागाडीतला कचरा डेपोवर पोचतो तेव्हा तो निवडणारी बहुतेक वेळा एक बाईच असते, हातमोजे असतील किंवा नसतील. आपल्यामुळे तिला किळस यावी असं काही नको. शिवाय घरात दुसरा उपयोग करायचा असेल तरी हे लागणारच.

ते पातेलंही यानंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका. आमच्याकडे ते आता मोरीत असतं.

४. कात्री लावण्याआधी थांबा: शिकवायला ठेवता येईल का?

माझ्या मते जुन्या कपाचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. बाकी सगळं त्याच्या खाली.

कप वापरायला बायका का घाबरतात? कारण त्यांनी तो हातात घेतलेलाच नसतो. दुकानात खोकं उघडू देत नाहीत, व्हिडिओत तो केवढा आहे ते कळत नाही. माझं माहेर तासगावजवळच्या एका गावात. तिथल्या बचत गटाच्या बैठकीला मी माझा उकळलेला जुना कप घेऊन गेले. तो हातोहात फिरला. घडी कशी घालायची (इंग्रजी सी अक्षरासारखी किंवा काठ आत दाबून), आत गेल्यावर तो कसा उघडतो, काढताना आधी तळाशी दाबून हवा कशी आत सोडायची, हे सगळं काचेच्या ग्लासात करून दाखवता येतं. मग मी त्यात कुंकवाचं पाणी भरलं. २५ मिलिलिटर म्हणजे किती ते डोळ्यांनी दिसलं की बायका म्हणतात, "एवढंच? आम्हाला वाटलं तांब्याभर जातंय."

कुंकवाच्या पाण्यावरून आईने घरी आल्यावर मला चांगलंच सुनावलं. पुढच्या वेळी मी बिटाचा रस नेला.

तुमच्या ओळखीत आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतल्या बाई, कॉलेजातली मैत्रीण कुणी असेल तर विचारून बघा. फाटलेला किंवा चिकट झालेला कपही चालतो. अर्धा उभा कापला तर आतला काठ आणि भोकं अजून नीट दिसतात. फक्त दोन पथ्यं पाळा. कपावर न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने "फक्त दाखवण्यासाठी" असं लिहून ठेवा, आणि प्रत्येक बैठकीनंतर धुऊन ठेवा. लिहायचं कारण आहे. माझ्या त्या बैठकीत एका मुलीने विचारलं होतं, "काकू, हा मी नेऊ का वापरायला?"

त्याचं उत्तर नाही, असंच द्यायचं. वापरलेला कप बहिणीलाही देऊ नये, उकळूनसुद्धा नाही. मापाचा अंदाज चुकल्यामुळे नवाकोरा, न वापरलेला कप घरात पडला असेल तर मात्र तो जरूर द्या. बाळंतपणानंतर माप बदलतं, तेव्हा असे बरेच कप पडून राहतात.

५. कापा आणि घरात वापरा

शिकवायला कुणी नसेल, तर कात्री घ्या. सिलिकॉनचे गुण घरकामात फार उपयोगी आहेत: उष्णता सोसतं, उन्हात चिकट होत नाही, घसरत नाही.

कपाचं अंग आडवं कापत गेलात की वेगवेगळ्या मापाच्या पाच-सहा रिंगा मिळतात. साधं रबरबँड गच्चीवरच्या उन्हात चार महिन्यांत चिकट होऊन तुटतं, ही रिंग टिकते. मी एका रिंगेने तुळशीला काठीचा आधार दिलाय. दुसरी बागेच्या पाइपाला नळाजवळ घातलीय. उभा चिरून सपाट केलेला तुकडा मोरीच्या कपाटात ठेवलाय, फिनेलच्या बाटलीचं घट्ट बूच त्याने झटकन फिरतं. तळाचा जाड भाग सगळ्यात कामाचा. आमच्या शिलाई मशीनचा एक पाय फरशीवर डुगडुगायचा, त्याखाली तो बरोब्बर बसला. शिडीच्या पायांखाली, वॉशिंग मशीनखाली, दाराच्या मागे, जिथं घसरतं किंवा आपटतं तिथं एखादा तुकडा खपतो.

अन्नाशी संबंध येईल असं काही करू नका. उकळलेलं असलं तरी नाही. कारण आरोग्याचं कमी आणि मनाचं जास्त आहे. घरातल्या एकाला जरी ते कळलं तर महिनाभर विषय पुरतो. लहान मुलांच्या हाती रिंगा देऊ नका, घशात अडकतात.

हे सगळं करताना प्रामाणिक राहा. पाच तुकडे करून ते ड्रॉवरमध्ये "कधीतरी लागतील" म्हणून ठेवणं म्हणजे कपाटातला कप ड्रॉवरमध्ये नेणं. खरंच लागतील तेवढेच ठेवा.

६. कंपनीला एकदा विचाराच

मेल करा, चार ओळींचा पुरे: माझा कप अमुक वर्षी घेतला, तो नेमका कशाचा आहे, जुना कप परत घेता का, घेत असाल तर पाठवायचा कसा. मला पहिलं उत्तर आलं ते नव्या कपावर सवलतीचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर "स्थानिक नियमांनुसार विल्हेवाट लावा" एवढं एक वाक्य आलं. तरी विचारा म्हणते, कारण शंभर जणींनी विचारलं तर कुणाला तरी उत्तर शोधावं लागेल.

सिलिकॉनचा पुनर्वापर अशक्य नाही. ते दळून भुकटी करतात आणि नव्या मालात भर म्हणून घालतात, किंवा रसायनांनी तोडून पुन्हा कच्चा माल मिळवतात. अडचण आहे ती प्रमाणाची. पंधरा ग्रॅमसाठी कुणी भट्टी पेटवत नाही, एका जागी टनभर गोळा झालं तर पेटवेल. परदेशातल्या एखाद्या केंद्राला कप पाठवायचा विचार मीही केला होता. पुठ्ठ्याचं खोकं, चिकटपट्टी, विमान, एवढं सगळं एका कपासाठी? सोडून दिला.

इथं मला केरळची आठवण होते. अलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये 'तिंगळ' नावाच्या योजनेत ५००० कप वाटले. २०२२ मध्ये कुंबळंगी हे सॅनिटरी पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झालं, तिथंही कप वाटले गेले. हे कप साधारण एकाच सुमारास म्हातारे होणार. ज्यांनी वाटले त्यांनीच परत गोळा केले तर तेवढा ढीग एका जागी जमू शकतो. आपल्याकडे कुणी संस्था, कारखाना किंवा कॉलेज कप वाटत असेल तर वाटतानाच हा प्रश्न विचारा: परत कोण घेणार?

७. घंटागाडीत देताना

दाखवायला नको, घरात नको, कंपनी घेत नाही, तर कचऱ्यात द्यायचा. यात काही पाप नाही. फक्त पद्धतीने द्या.

धुतलेल्या, वाळवलेल्या कपाचे कात्रीने तीन-चार तुकडे करा. अख्खा दिला तर निवडणाऱ्याला तो काय आहे ते कळत नाही, किंवा कुणी उचलून नेतं. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळा, दोरा बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. पिशवी आली की आत काय आहे ते बघायला कुणीतरी ती फाडतंच, आणि पातळ पिशव्यांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहेच. वरून लाल पेनाने "सिलिकॉन, धुतलेलं" असं लिहा. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' संस्थेने पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत पाडली, म्हणजे पुडी न उघडताच आत काय ते समजतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्या, असंच सांगितलं होतं. तुमच्या भागात त्यासाठी वेगळा डबा किंवा वेगळा वार असेल तर त्यात द्या.

ओल्या कचऱ्यात अजिबात नको. ओल्या कचऱ्याचं खत होतं, आणि खतात हे तुकडे जसेच्या तसे उरतात. मग ते कुणाच्या तरी द्राक्षबागेत, हळदीच्या शेतात जाणार.

आमच्या घंटागाडीवरच्या ताईंना मी हातात पुडी देऊन सांगितलं, काय आहे ते. त्या हसल्या. "लोक न सांगता काय काय टाकतात, तुम्ही सांगून देताय," म्हणाल्या. सांगलीचा कचरा समडोळी रोडच्या डेपोवर जातो, मिरजेचा बेडग रोडच्या. तिथला ढीग ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं काही सांगायला नको. पण वेगळं काढणं आपल्याकडे जमत नाही असंही कुणी म्हणू नये. एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणाचा देशातला पहिला नंबर २०२० मध्ये शेजारच्या कराडला मिळाला आणि २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या विट्याला.

८. गावात घंटागाडी येत नसेल तर

माहेरी हाच प्रश्न आहे. कचरा उकिरड्यावर जातो, आणि उकिरड्यावर शेळ्या, गाई तोंड घालतात. तिथं कपाचे तुकडे टाकू नका. जनावराच्या पोटात गेलं तर ते पचत नाही. शेतात पुरणं हाही उपाय नाही, दोन नांगरटींनंतर वर येतं.

सोपा मार्ग सांगते. धुतलेले वाळलेले तुकडे कागदाच्या पुडीत ठेवा. त्यांना वास येत नाही, ते सडत नाहीत, मुंग्या लागत नाहीत. तालुक्याला किंवा सांगलीला याल तेव्हा पुडी आणा आणि ज्यांच्याकडे घंटागाडी येते अशा पाहुण्यांच्या सुक्या कचऱ्यात त्यांना सांगून द्या. घाई कसलीच नाही. सात वर्षं थांबलात, आणखी महिनाभर थांबा.

नैसर्गिक रबराचा कप असेल तर तो मातीत कुजतो, पण इतका सावकाश की घरच्या खतासाठी निरुपयोगी. त्यालाही हीच वाट.

९. बंब, चूल, शेकोटी, नदी, संडास

आता सासूबाईंच्या सल्ल्याकडे येऊ. सिलिकॉन जळतं का? जळतं. मागे उरते पांढरी भुकटी, म्हणजे सिलिका. त्यामुळेच "शेकोटीत टाका, राख होईल" असा सल्ला परदेशातल्या काही कप बनवणाऱ्यांनीही दिलेला आहे. मोकळ्या रानातल्या शेकोटीसाठी तो कितपत बरा याचा वाद मी घालत नाही. बंब मात्र न्हाणीघरात असतो, तिथं कुणीतरी अंघोळीला जाणार असतं. अर्धवट जळताना धुरातून ती बारीक भुकटी आणि इतर वायू नाकात जातात. टीपीई असेल तर काळा धूर, रबर असेल तर गंधकाचा उग्र वास. दवाखान्यांचा कचरा जाळायच्या भट्ट्यांना नियमाने पहिल्या कप्प्यात किमान ८०० आणि दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांच्या आसपास तापमान ठेवावं लागतं, ते काही उगाच नाही. बंबात टरफलं जळतात, तेवढंच त्याचं काम. मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्या दुधाच्या पिशव्यापण नको का?" नकोच. त्या दिवसापासून त्याही बंद झाल्या, कपाचा हा वरचा फायदा.

शाळा-कॉलेजातल्या पॅड जाळायच्या छोट्या यंत्रातही कप टाकू नका. ते पॅडसाठी असतं.

संडासात टाकू नका. कप अखंडच राहतो आणि वाकणात अडकतो. आमच्याकडे नाही, पण मैत्रिणीच्या इमारतीत अडकला होता. प्लंबरने तो बाहेर काढून जिन्यात सगळ्यांसमोर "हे कुणाचं?" म्हणून विचारलं. कुणाचंच नव्हतं.

आणि नदी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभाग पाण्यात होता. आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे होतो. दुकानं बंद, पॅड कुठं मिळेनात, आणि माझ्या पर्समध्ये हाच कप होता. घरातल्या बाकीच्या तिघींनी जुन्या साड्या फाडल्या. पाणी ओसरल्यावर परत आलो तर अंगणात गाळाबरोबर आलेला कचरा: चपला, बाटल्या, थर्माकोल, फुगलेले पॅड. कुणाकुणाचं घाटावरून सोडलेलं आमच्या तुळशीपाशी येऊन बसलं होतं. मी दोन दिवस ते फावड्याने भरत होते.

१०. उरलेलं सामान, आणि नव्या कपाची तारीख

खोकं आणि माहितीपत्रक रद्दीत. सुती पिशवी धुऊन वापरा, माझ्या पिशवीत आता सुया-दोरे असतात. कपाबरोबर तो उकळायचं घडीचं भांडं मिळालं असेल तर तेही बहुधा सिलिकॉनचंच असतं. ते टाकू नका, नव्या कपाला चालतं. नवा कप घेताना भांड्यासकटचा संच घ्यायची गरज नाही, नुसता कप मिळतो.

नवा कप आणला की खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तीन गोष्टी लिहा: घेतल्याची तारीख, कशाचा बनलाय ते, आणि माप. झाकण कापून पिशवीत टाका. सात-आठ वर्षांनी हे काहीच आठवत नाही. मला माझ्या जुन्या कपाची तारीख शेवटी बँकेच्या जुन्या पासबुकात सापडली: २०१७, फेब्रुवारी, रकमेपुढे नुसतं "ऑनलाइन" एवढंच.